कविता होईपर्यंत इंजिन बंद करू नये

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या डेपोच्या प्रमुख बाईसाहेब. व्यासपीठावर विराजमान असलेले प्रमुख पाहुणे, रस्ते विभागाचे मुख्य अभियंता साहेब. साहेबांच्या शेजारी, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच हात कोपरापर्यंत स्वच्छ धुऊन बसलेले आमचे फिटरकाका. आजचे सत्कारमूर्ती, ज्यांचे गुडघे या टेबलाखाली मावत नाहीत ते लंबूदादा. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या वहिनी. वहिनींचा हात धरून बसलेल्या त्यांच्या धाकट्या बहीणबाई. आणि टायरच्या या गोदामात, रबराच्या वासात, चहाची वाट पाहत का होईना पण शिस्तीत बसलेल्या माझ्या ड्रायव्हर, क्लीनर, धुलाईवाल्या आणि भांडारवाल्या बंधूंनो आणि भगिनींनो, आपणा सर्वांना या म्हाताऱ्याचा मनापासून नमस्कार.

मला इथे सगळे 'मास्तर' म्हणतात. नव्या मंडळींचा गैरसमज नको म्हणून सांगतो, मी आयुष्यात एक दिवसही कुणाला शिकवलेलं नाही. मी या डेपोत गाड्यांच्या पाळ्या लावायचो. कोणत्या गाडीवर सकाळी कोण, दुपारी कोण, कुणाची सुट्टी, कुणाची कंबर धरली, हे सगळं त्या कोपऱ्यातल्या खिडकीतून चालायचं. निवृत्त होऊनही मला बरीच वर्षं झाली. पण शाळेतल्या कविता अजून पाठ आहेत आणि त्या म्हणायची खोड आहे, म्हणून मी मास्तर. काही जण प्रेमाने म्हणतात, काही जण माझं बोलणं लांबलं की म्हणतात. त्या दुसऱ्या मंडळींची आज मी चांगली सोय करणार आहे.

बाईसाहेब, आपण आत्ता घड्याळाकडे पाहिलंत. पाहायलाच हवं, आपल्या खांद्यावर डेपो आहे. मला 'थोडक्यात बोला' असं सांगण्यात आलं होतं, तेही मान्य. पण समारंभ सुरू होण्यापूर्वी आपले सत्कारमूर्ती माझ्याजवळ आले. वाकले. त्यांना कुणाशीही बोलायचं म्हणजे वाकावंच लागतं. आणि माझ्या कानात म्हणाले, "मास्तर, तो येईपर्यंत बोलत राहा."

मी म्हटलं, "आणि नाही आला तर?"

"तर तुमचं संपलेलं नाही असं समजून मी बसून राहीन."

आता हा 'तो' कोण, हे डेपोतल्या मांजरालाही ठाऊक आहे. पाहुण्यांना मात्र सांगायला हवं. 'तो' म्हणजे आमचे ठेंगूभाऊ. लंबूदादा आणि ठेंगूभाऊ यांची खरी नावं हजेरीपत्रकात आहेत, आणि तिथे ती सुखात आहेत. हे दोघे एकमेकांचे साडू. पहिल्या रांगेत या ज्या दोघी बहिणी बसल्या आहेत, त्यातल्या थोरलीचे लंबूदादा आणि धाकटीचे ठेंगूभाऊ. दोघे एकाच गाडीवर, दादा सकाळच्या पाळीला, भाऊ दुपारच्या. आणि साहेब, दोघे गेली कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.

ठेंगूभाऊ आत्ता गाडी घेऊन बाहेर आहेत. त्यांची पाळी संपत आली आहे. त्यांना निमंत्रण दिलं होतं. मी स्वतः दिलं. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. टायरवर हात मारून पाहत राहिले. तेव्हा मी बोलतो आहे, आणि दादा त्या अर्ध्या उघड्या शटरकडे बघताहेत. यात कसलीही चोरी नाही. आपण सगळेच आता वाट पाहणारे आहोत, एवढं लक्षात असू द्या.

साहेब, आपण आत येताना भिंतीवरची एक पाटी वाचून थबकलात. 'कविता होईपर्यंत इंजिन बंद करू नये.' आपण हसलात, आणि सभ्य माणूस असल्यामुळे काही विचारलं नाहीत. ती पाटी फिटरकाकांच्या हातची आहे. तिच्यातलं अक्षर थोडं वाकडं आहे, पण काकांनी सरळ काढलेली वस्तू मी फक्त पिस्टन पाहिली आहे.

त्याचं असं झालं. आपल्या डेपोतल्या गाड्या मधल्या ताकदीच्या. महामार्गावरून सामान ओढणारे ते अजस्र ट्रेलर यांच्यापुढे पहिलवान, आणि भाजीचा टेम्पो यांच्यापुढे पोर. घरातल्या मधल्या मुलीसारखं यांचं नशीब. रस्ता खचला, हिला बोलवा. पाणी तुंबलं, हिला बोलवा. खडी हवी, मुरूम हवा, पडलेलं झाड उचलायचंय, हिलाच. आणि फोटो काढायची वेळ आली की हिने कडेला उभं राहायचं. म्हणून दादा-भाऊंच्या डंपरचं नाव पडलं 'मधली'. सहा सिलिंडर, मागे उचलणारा हौदा, आणि एक खोल, घोगरा आवाज. माझ्या लहानपणी कवितेच्या तासाला आमचे गुरुजी वाचायला लागण्यापूर्वी घसा साफ करायचे, तसा. मधली सुरू झाली की मला अजूनही वाटतं, आता गुरुजी पुस्तक उघडणार.

तर या गाड्या नव्या आल्या तेव्हा काकांनी सगळ्या ड्रायव्हरांना गोळा केलं आणि सांगितलं, "हिच्यात टर्बो आहे. इंजिनात जास्तीची हवा फुंकतो. पळवून आणलेली गाडी आणल्या आणल्या बंद करायची नाही. टर्बो तापून लाल झालेला असतो. इंजिन बंद केलं की त्याचं तेल थांबतं आणि आतल्या आत जळतं. थोडा वेळ जागेवर नुसतं गुरगुरू द्यायचं, मग बंद."

"थोडा वेळ म्हणजे किती?" कुणीतरी विचारलं.

"थोडा म्हणजे थोडा."

त्यावर ठेंगूभाऊ म्हणाले, "काका, आमची बायको पण 'थोडा वेळ थांबा, निघालेच' म्हणते. माझी दाढी होते आणि पुन्हा उगवते."

बहीणबाई, आपण मान डोलावताय, म्हणजे हे खरं असणार.

मी त्या वेळी खिडकीत बसून, सवयीप्रमाणे, काहीतरी पुटपुटत होतो. शाळेतली एक जुनी कविता. पुस्तकाचा तो कोपरा फाटलेला होता, त्यामुळे कवीचं नाव मला कधी कळलंच नाही. संध्याकाळी काठाला येणाऱ्या एका नावेवरची ती कविता. तिची सुरुवात अशी,

थांब नावाड्या, वल्हे उचलिले तरी
पाणी अजुनी हलते आहे...

काकांचे कान या बाबतीत मांजरासारखे. म्हणाले, "मास्तर, ती पुन्हा म्हणा. पहिल्यापासून." मी म्हटली. घाई न करता, गुरुजींसारखी, कडव्या-कडव्यांच्या मध्ये श्वास घेत. काका माझ्याकडे बघत नव्हते. ते बॉनेटला कान लावून उभे होते. माझी शेवटची ओळ झाली आणि ते म्हणाले, "एवढा वेळ."

झालं. त्या दिवसापासून इंजिन निवण्याच्या वेळेला या डेपोत 'कविता' म्हणतात. "कविता झाली का?" म्हणजे गाडी बंद करू का. "याने कविता खाल्ली" म्हणजे याने घाईने गाडी बंद केली, आता याला काकांच्या शिव्या. ही आपली नवी ड्रायव्हरताई आहे ना, तिला पहिल्याच दिवशी दादांनी विचारलं, "कविता झाली का?" तर ती बिचारी म्हणाली, "नाही हो दादा, मी वाणिज्य शाखेची." आणि ठेंगूभाऊंनी तर आठवड्याच्या आत माझ्या कवितेची नवी आवृत्ती काढली,

थांब ड्रायव्हरा, पाय उचलला तरी
इंजिन अजुनी तापले आहे...

मला राग यायला हवा होता. पण वृत्तात बसत होतं, काय बोलणार?

असे ते हसण्याखिदळण्याचे दिवस होते. पाळी बदलताना दादा गाडी आणून उभी करायचे, भाऊ उडी मारून शेजारच्या सीटवर चढायचे, आणि कविता होईपर्यंत दोन साडू आत बसून गप्पा मारायचे. कोणत्या वळणावर डांबर वितळलंय, कोणत्या सासुरवाडीच्या कार्याला दोघांनी मिळून दांडी मारायची. एकदा मी दादांबरोबर खडीची खेप करायला गेलो होतो. भरलेला हौदा, आणि समोर तो लांबलचक उतार. माझा जीव मुठीत. दादांचा पाय ब्रेकवर नाहीच. ज्या गिअरात एरवी तो चढ चढायचे, त्याच गिअरात गाडी धरून ठेवलेली, आणि मधली गुरगुरत, स्वतःला सावरत, पावलापावलाने खाली. मी म्हटलं, "दादा, ब्रेक?" ते म्हणाले, "खाली लागेल तेव्हा शिल्लक असू दे की." उतार संपला आणि ते हलकेच म्हणाले, "मास्तर, आता श्वास सोडलात तरी चालेल." मी सोडला. उतरणीवर एवढ्या शांतपणे मला आयुष्यानेही कधी नेलं नाही.

आता त्या एका दुपारकडे यावंच लागेल. बाईसाहेब, वहिनी, आपल्याला आवडो न आवडो.

उंच माणूस आणि ठेंगू माणूस एका गाडीवर असले की काय होतं? आरसे. दादांच्या डोळ्यांसाठी लावलेला आरसा भाऊंना काय दाखवणार? आकाश. विजेच्या तारा. फार तर एखादा कावळा. आणि भाऊंचा आरसा दादांना दाखवणार स्वतःच्याच गाडीचं चाक. म्हणून नियम असा की जो बसेल त्याने आधी आपली सीट आणि आपले आरसे लावून घ्यायचे. त्या दुपारी पुलाजवळचा रस्ता खचला, सगळीकडे पळापळ, दादा गाडी आणून उतरले आणि भाऊ त्याच गडबडीत चढले. सीट पुढे ओढली. अलीकडचा आरसा हाताशी होता, तो फिरवला. पलीकडचा राहिला. पुलापाशी गाडी मागे घेताना, हात दाखवणारा आमचा माणूस नेमका त्या पलीकडच्या बाजूला होता.

त्याचा पाय मोडला. बरा झाला. तो आज इथे बसला आहे, दोन्ही पायांवर चालत आला आहे आणि बिस्किटांची थाळी त्याच्याच मांडीवर आहे. देवाची कृपा. पण चौकशी व्हायची ती झाली. त्या वेळचे साहेब, ते आता नाहीत इथे, त्यांनी दादांना बोलावून एकच प्रश्न विचारला. "आरसे कुणी लावायचे असतात?"

दादा म्हणाले, "जो स्टिअरिंगवर बसतो त्याने."

एवढंच. यात खोटं काय आहे? काही नाही. नियम तोच आहे. पण भाऊ शेजारीच उभे होते, आणि त्यांना वाटलं असणार की साडू आणखी एक वाक्य बोलेल. 'गडबड होती साहेब. मीही नुसता चावी टाकून पळालो. माणूस चांगला आहे.' असं एखादं. नियमाबाहेरचं, घरातलं वाक्य. ते आलं नाही. भाऊंचं स्टिअरिंग गेलं. सगळा उन्हाळा ते धुलाईच्या रॅम्पवर पाइप घेऊन उभे होते. दादा मधली आणून लावायचे आणि भाऊ ती धुवायचे. खाली बघून.

त्या काळात दादा माझ्या खिडकीशी येऊन विचारायचे, "मास्तर, मी खोटं बोललो का?"

"नाही."

"मग झोप का लागत नाही?"

मी त्यांना उद्याची पाळी वाचून दाखवायचो.

भाऊंना गाडी परत मिळाली. मीच मुद्दाम दोघांना पुन्हा मधलीवरच लावलं. म्हटलं, एका गाडीवर किती दिवस अबोला धरतील? तर साहेब, या बाबतीत दोघांनीही माझा आणि आपापल्या बायकांचा अंदाज साफ चुकवला. पाळी बदलताना दादा आत बसलेले असायचे आणि भाऊ त्या भिंतीपाशी, पाटीखाली, पाठ टेकून उभे. दादा उतरून नजरेआड झाले की मगच भाऊ गाडीकडे जायचे. वहिनींनी प्रयत्न केले, बहीणबाईंनी केले. दोघी बहिणी आठवड्यातून दोनदा भेटतात आणि नवऱ्यांनी मात्र एकमेकांचा उंबरठा ओलांडायचा नाही. समजूत घालायला गेलं की दादा म्हणायचे, "त्याने बोलायला हवं." भाऊ म्हणायचे, "बोलायचं तेव्हा ते कुठे बोलले?" दोघांचंही बरोबर. दोघांचंही बरोबर असलं की मधल्या माणसाने करायचं काय?

एकदा दुपारी माझी छत्री मधलीच्या केबिनमध्ये राहिली होती. मी घ्यायला गेलो. कविता चालू होती, म्हणजे इंजिन गुरगुरत होतं. दार उघडलं तर दादा स्टिअरिंगमागे असे काही बसलेले, की मला वाटलं कंबरेत उसण भरली. सीट भाऊंसाठी पार पुढे ओढलेली. गुडघे डॅशबोर्डला टेकलेले. मान खांद्यात घातलेली, पाठ दुमडलेली, छातीवर हनुवटी. एवढा सहा फुटी माणूस, आणि त्याचं अगदी गाठोडं झालेलं.

मी म्हटलं, "दादा, डॉक्टरला बोलावू का?"

"नको. जरा ठेंगू होऊन बघतोय."

"कशाला?"

त्यांनी हात बाहेर काढून अलीकडचा आरसा किंचित फिरवला, त्यात पाहिलं आणि म्हणाले, "त्याला आता जमीन दिसेल."

मग उतरले. पुढून वळसा घालून पलीकडे गेले, तो आरसा हाताने फिरवला, परत चढले, परत घडी घालून बसले, पाहिलं. जमलं नव्हतं. पुन्हा उतरले. तुम्हां ड्रायव्हर लोकांना सांगायला नको, पलीकडचा आरसा एकट्याने लावणं म्हणजे काय वैताग असतो. तेच दोघे असले तर? एक आत बसतो, एक बाहेर उभा राहतो. 'जरा बाहेर. बस.' संपलं. एका शब्दाचं काम. आणि तो एक शब्द नव्हता म्हणून हा माणूस रोज, रोज असा चढत-उतरत होता.

मी कुणाला काही बोललो नाही. पण दुसऱ्या दिवशी भाऊंची पाळी संपताना, माझं काही काम नसताना, मी यार्डात रेंगाळलो. आत पाहिलं. भाऊंनी सीट मागे ढकलली होती, तिच्यावर रिकाम्या पोत्यांची चवड रचली होती, त्या चवडीवर ते चढून बसले होते आणि केबिनच्या टपाला डोकं टेकवून, मान ताणून आरशात बघत होते. मला पाहून दचकले.

मी म्हटलं, "काय भाऊ, उंच व्हायची हौस?"

"सकाळच्या माणसाला नुसतंच चाक दिसायचं नाही तर," ते म्हणाले. नाव घेतलं नाही. 'सकाळचा माणूस.' आणि मला म्हणाले, "मास्तर, हे कुठे बोलू नका."

भाऊ, मी आज बोललो. माइकवर बोललो. मला माफ करायचं की नाही ते तुम्ही आल्यावर ठरवा.

मंडळी, आपण कविता कशाला म्हणतो? गुरुजी सांगायचे, सांगायचं असतं ते न सांगता सांगणं. मी ते वहीत लिहून घेतलं होतं, पण मला ते कळलं टायरच्या गोदामाबाहेर. एक जण रोज दुपारी दुमडून लहान होत होता, दुसरा रोज संध्याकाळी ताणून मोठा होत होता, आणि इंजिन गुरगुरत होतं. दोघेही स्वतःला काहीएक दिसणार नाही अशा जागी आरसे वळवून घरी जात होते. याला अबोला म्हणायचं असेल तर म्हणा. मी इतकं नियमित बोलणारं जोडपंही पाहिलेलं नाही.

वहिनी हसताहेत. मघाशी त्या मला हळूच म्हणाल्या, "घरातला दाढीचा आरसा इतकी वर्षं मी पाटावर चढून बघते. तो नाही कधी यांनी खाली केला." दादा, उद्यापासून तुम्हांला वेळच वेळ आहे. खिळा आणि हातोडी मी पाठवून देतो.

आता आजचं सांगतो, म्हणजे दादांचा चेहरा असा का झालाय ते तुम्हांला कळेल. आज दुपारी दादांनी मधली शेवटची आणून लावली. आम्ही सगळे टाळ्या वाजवायला उभे होतो. कविता नुकतीच सुरू होत होती आणि ऑफिसातून निरोप आला, छायाचित्रकाराला दुसरीकडे जायचंय, सत्कारमूर्तींना ताबडतोब पाठवा. कुणी हाताला धरलं, कुणी गळ्यात हार घातला, आणि दादांना अक्षरशः ओढत नेलं. काकांनी मागे थांबून इंजिन बंद केलं. फोटो झाला. सुंदर झाला. दादांचं डोकं त्यात कापलं गेलं आहे, ते असो. फोटो झाल्यावर दादांच्या लक्षात आलं आणि ते धावत यार्डात गेले, तोवर गाडी निघून गेली होती.

"मास्तर, आरसे राहिले," ते मला म्हणाले. "सीटसुद्धा तशीच राहिली. आजच राहिली."

मी म्हटलं, "अहो, तो ड्रायव्हर आहे, लावून घेईल."

"लावून घेईलच. पण त्याला काय वाटेल?"

काय वाटलं असेल? इतक्या वर्षांनी भाऊ गाडीत चढले, पलीकडच्या आरशात पाहिलं, आणि दिसलं आकाश. त्या दुपारी दिसलं होतं तेच. वाटलं असेल का, की निवृत्त होणाऱ्या माणसाने आज हिशेब संपवला? उद्यापासून सकाळच्या पाळीला दुसरं कुणी. आणि बाईसाहेबांनी आत्ताच आनंदाची बातमी दिली, की पुढच्या गाड्या येतील त्यांत बटण असेल. दोन ड्रायव्हरांच्या उंच्या गाडीच लक्षात ठेवणार. बटण दाबलं की सीट सरकणार, आरसे वळणार. मी टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या, कारण त्यामुळे कुणाचा पाय मोडणार नाही. पण टाळ्या वाजवताना दादांकडे पाहिलं. या दोघांमध्ये बोलण्याची एकच जागा होती, आणि ती आज अशी अर्धवट राहून बंद होते आहे. दादांना पुष्पगुच्छ नको आहे, मानपत्र नको आहे. त्यांना एवढंच सांगायचं आहे की आज आरसे राहिले ते मुद्दाम नव्हे. आणि ऐकणारा अजून यार्डाबाहेर आहे.

बाईसाहेब, आता तर आपण घड्याळ हातातून काढून टेबलावरच ठेवलंत. मला कळतं. माझ्याकडे अजून एक कविता आहे, ती मी...

थांबा.

थांबा जरा. मागची मंडळी, कुजबुज नको. काका, ऐकताय? काका मान हलवताहेत. घसा साफ करण्याचा आवाज. मधलीच आहे. फाटकातून आत आली. एअर ब्रेकची फुसकारी ऐकलीत? उभी राहिली.

इंजिन बंद केलेलं नाही. कविता चालू आहे.

कुणी उठू नका. दादा, तुम्ही उठा. अहो, टेबल... असू द्या, असू द्या, फुलदाणीच आहे, पाणी पुसता येतं. जा तुम्ही. शटरखालून जाताना डोकं सांभाळा.

मी या खिडकीपाशी आहे, म्हणून मागच्यांसाठी सांगतो. भाऊ स्टिअरिंगवर बसले आहेत. उतरलेले नाहीत. दादा गाडीपाशी पोचले. उभे आहेत. हार अजून गळ्यात आहे. भाऊ समोर बघताहेत, काचेतून, सरळ. बहीणबाई, बसा, बसा, मी सांगतो आहे ना सगळं.

भाऊ काहीतरी म्हणाले. इंजिनाच्या आवाजात... हां. "पलीकडचा जरा बाहेर घ्या," असं म्हणाले.

दादा निघाले. गाडीच्या पुढून वळसा घालताहेत. पोचले. आरशाला हात लावला. विचारताहेत, "एवढा?"

"अजून थोडा."

"आता?"

भाऊ म्हणताहेत, "दादा, मला आकाश कशाला दाखवताय?"

दादा हसताहेत. नाही, हसत नाहीत. दोन्ही करताहेत बहुधा. आरसा धरूनच उभे आहेत. "आता बघ. आता दिसतंय का?"

"बस. दिसतंय. बस झालं."

इंजिन बंद झालं.

काका, आपण मला खुणेने काय विचारताय ते कळलं. दुपारभर भरली खडी घेऊन, गर्दीतून गाडी मागे-पुढे करून आलेला माणूस, ज्याचा एकदा त्याच आरशाने घात केला, तो आरसा न लावता फाटकाबाहेर तरी पडला असता का? मलाही कळतं, तुम्हांलाही कळतं. आपण दोघेही काही बोलायचं नाही.

ताई, एक खुर्ची आणा. दादांच्या शेजारी ठेवा. जरा उंच बघा, टेबलावरून दिसले पाहिजेत. आणि फोटोवाला गेला असेल तर जाऊ द्या, हा फोटो तसाही त्याला जमला नसता.

मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी अध्यक्षांचा, प्रमुख पाहुण्यांचा आणि वेळेवर इंजिन बंद न करणाऱ्या एका ड्रायव्हरचा ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल. अधिक झालं ते सांगून-सवरून केलं होतं, तेव्हा त्याची क्षमा मागत नाही. उणं राहिलं असेल, कुणाचं नाव राहिलं, कुणाचा मान राहिला, तर या म्हाताऱ्याला उदार मनाने पदरात घ्या. ते दोघे आत येताहेत, एक वाकून आणि एक ताठ मानेने. त्यांना जागा द्या, आणि चहा सांगा.

कविता झाली.